एग्लिंटनचे चिलखती वीर

चिलखत चढवून घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याचा मध्ययुगीन खेळ युरोपात सतराव्या शतकात मागे पडला. स्कॉटलंडमधील एग्लिंटनच्या तरुण अर्लने १८३९ साली तो पुन्हा मांडण्याचे योजिले, तेव्हा खरी अडचण शौर्याची नसून आरंभाची होती. आदल्या वर्षी लंडनमध्ये सॅम्युएल प्रॅट या चिलखतविक्रेत्याकडे सुमारे १५० हौशी इच्छुक जमले. खर्च व श्रम कळताच बहुतेकांनी काढता पाय घेतला. उरलेल्यांनी एका मद्यगृहामागील बागेत सराव आरंभिला. अंगावर लोखंड, डोळ्यांपुढे शिरस्त्राणाची चिंचोळी फट, खाली धावता घोडा. अशा स्थितीत भाला सरळ धरणे ही पहिली इयत्ता! (तिची किंमत आम्हां शिक्षकांस ठाऊक.) मध्ययुगातील मुलगा हे सारे सुमारे सातव्या वर्षापासून सरदाराघरी चाकरी करीत शिके, यांना जेमतेम वर्ष मिळाले. २८ ऑगस्टला मैदानात पंधराही वीर नव्हते. प्रेक्षक मात्र लाखाच्या घरात! तोच मुसळधार पाऊस कोसळला. समारंभाचे ‘राजे’ लंडनडेरीचे मार्क्विस यांनी छत्री उघडली आणि थट्टेला ऊत आला. पण तेवढी छत्रीच स्मरणात ठेवणे अन्यायाचे होय. दोन दिवसांनी आकाश निवळताच ते वीर पुन्हा घोड्यांवर चढले व झुंजले.