अष्टागराची वाट आणि एक बोडण

इतिहास म्हटला की आपणां बायकांच्या डोळ्यांपुढे तलवारी, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात, आणि हे पुरुषांचे प्रकरण आहे असे समजून आपण पुस्तक मिटून ठेवतो. पण मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव लेखांपैकी एका लेखात, राजा आणि प्रधान यांच्या नावांपाठोपाठ जो शब्द येतो, तो आपल्या माजघरातला आहे. तो शब्द म्हणजे ‘बोडण’. हा लेख रायगड जिल्ह्यात अलिबागेजवळ अक्षी या गावी आहे. गेल्या माघात आम्ही काही मैत्रिणी एक मोटार ठरवून अलिबागेपासून कोर्लईपर्यंत जाऊन आलो. हा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा; पण त्यावर हजार-दोन हजार वर्षांचा इतिहास नारळी-पोफळींच्या सावलीत पडून आहे. त्यातले जे आपल्या सर्वांच्या उपयोगी वाटले ते येथे सांगते.

या किनारपट्टीला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळ-सुपारीची बाग. हा मुलूख पूर्वी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. जुने नाव ज्या किल्ल्यावरून पडले तो कुलाबा अलिबागेसमोर भर समुद्रात उभा आहे. शिवाजी महाराजांनी आपल्या अखेरच्या वर्षी, १६८० साली, त्याच्या बांधकामास हात घातला, आणि पुढे कान्होजी आंग्रे यांनी तो गाजवला. ओहोटीला किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. मात्र परतीची वेळ विचारूनच निघावे, समुद्र कोणासाठी थांबत नाही. आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. तेथे गणपतीबरोबर शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असे पंचायतन आहे. चहूंकडे खारे पाणी असूनही आत गोड्या पाण्याची विहीर आहे. किल्ला म्हणजे नुसते बुरूज नव्हेत, तेथे माणसे नांदत होती, हे ती विहीर पाहून मनात ठसते.

अलिबाग सोडली की थोड्याच अंतरावर अक्षी लागते. येथील शिळेवर वर चंद्रसूर्य कोरले आहेत. चंद्रसूर्य असेतोवर दान चालावे, असा त्या चिन्हांचा अर्थ. लेखात राजा केसीदेव याला पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हटले आहे. हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा. त्याच्या प्रधानाने महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिले, असा लेखाचा आशय विद्वानांनी लावला आहे. कुवली हे धान्याचे जुने माप.

लेखाच्या सालाविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही. एक वाचन शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असे आहे. ते धरले तर हा मराठीतला सर्वांत जुना निश्चित सालाचा लेख ठरतो. दुसरे वाचन शके ११३२ म्हणजे इ. स. १२१० असे आहे. गोंधळ होण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. शिलाहारांत केसीदेव नावाचे राजे दोन झाले, एक अकराव्या शतकाच्या आरंभी आणि दुसरा तेराव्या शतकाच्या आरंभी. शिवाय दगड झिजलेला. दुसरे वाचन खरे मानणारे आद्य मराठी लेखाचा मान सोलापूर जिल्ह्यातील कुडलच्या १०१८ सालच्या लेखाला देतात. हा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. दोन्ही साले धरली तरी एक गोष्ट बदलत नाही: आठशे ते हजार वर्षांपूर्वी बोडण होते, आणि त्याची तजवीज राजाच्या प्रधानाने करावी इतके ते महत्त्वाचे होते.

कोकणस्थांच्या घरी हा कुळाचार अजूनही चालतो. घरात लग्न झाले, मूल झाले की बोडण भरायचे. परातीत अन्नपूर्णा ठेवायची, भोवती सवाष्णी आणि एक कुमारिका बसायची, दूध, दही, तूप, मध, साखर आणि पुरणावरणाचा स्वयंपाक घालून सर्वांनी मिळून कालवायचे, आणि शेवटी ते गाईला द्यायचे. आमच्यापैकी एकीच्या सासरी बोडण असते. ती शिळेसमोर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सासूबाई सांगत तेव्हा मला वाटे, ही आपल्या घरातलीच काहीतरी जुनी रीत आहे.” हजार वर्षांतले विधीचे तपशील बदलले असतील, पण नाव तेच राहिले. ते कोणी पोथीत जपले नाही. सासूने सुनेला सांगितले, एवढाच त्याचा आधार. ही शिळा वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात दुर्लक्षित होती. अलीकडे तिच्या जतनाकडे लक्ष गेले, हे चांगले झाले. पण अक्षरे झिजायची ती झिजलीच.

पुढे नागाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या. पूर्वी प्रत्येक वाडीत विहिरीवर रहाट फिरे. आता पंप आले. माघात रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. हा कांदा चवीला गोडसर. पात न कापता वेणी घालावी तसा तो गुंफतात, आणि हे काम मुख्यत्वे बायकांचे. वाल, पावटा यांच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजून पोपटी करण्याचे दिवसही हेच. एका वाडीत आम्ही थांबलो. तिथल्या आजींनी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची हकीकत सांगितली. “सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी दुपारच्या दुपारी आडव्या झाल्या, बाई,” त्या म्हणाल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे? पुष्कळांनी पुन्हा लागवड केली, काहींनी जमिनी विकल्या, आणि तेथे शहरातल्या लोकांचे बंगले उठले. आजींच्या वाडीत नवी रोपे कमरेइतकी आली होती. त्यांना फळ लागलेले पाहायचे आहे, एवढीच त्यांची इच्छा.

नागावपुढे चौल. ग्रीक ग्रंथकारांचे सेमिल्ला, कान्हेरीच्या लेखांतले चेमुल आणि अरबांचे सैमूर ते हेच. दहाव्या शतकात अल मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. १४६९ साली अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच उतरला. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्याच्या हायस्कुलाच्या आवारात आहे. चौलचे रेशमी कापड एके काळी नावाजलेले होते. पुढे बंदर गाळाने भरत गेले, विणकर मुंबईस गेले, आणि राहिली ती देवळे व वाड्या.

रामेश्वराचे देऊळ त्यांत मुख्य. पुढे मोठी पुष्करिणी आणि दीपमाळा. सभामंडपात अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडे असून ती एरवी बंद असतात. पावसाने फारच ओढ दिली तर पर्जन्यकुंड उघडायचे, अशी गावाची रीत. जवळच शीतलादेवीचे देऊळ आहे. देवीच्या रोगाने घरोघर मुले दगावत, त्या काळात किती आयांनी येथे पदर पसरला असेल! १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. लस टोचणाऱ्यांचे उपकार मोठेच. तरी देवीची ओटी भरणाऱ्या बायका अजून येतात. संकट गेले म्हणून आधार विसरायचा नसतो. टेकडीवर हिंगळाजदेवी आणि तिच्यालगत बौद्ध लेणी आहेत. भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचे देऊळ असून दत्तजयंतीला तेथे मोठी जत्रा भरते.

रेवदंड्यास पोर्तुगिजांनी १५२१ च्या सुमारास किल्ला बांधावयास घेतला. १५७०-७१ साली निजामशाही फौजेने त्यांस मोठा वेढा घातला, पण ठाणे पडले नाही. वसई मराठ्यांनी १७३९ साली घेतली आणि पुढच्या वर्षी हेही ठाणे त्यांच्याकडे आले. आज तटाच्या आत वाड्या आणि घरे नांदत आहेत. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या, वलांडीवर सुकणारे बोंबील आणि भाव करणाऱ्या कोळणी. मासे पुरुषांनी आणायचे, पण हिशेब बाईच्या हाती. येथल्या ख्रिस्ती वस्तीत मराठीच्या मिश्रणाने झालेली एक पोर्तुगीज बोली अजून घरात बोलतात. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. पोर्तुगीज अंमल जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. या बोलीला ना राजाश्रय, ना स्वतःची लिपी. चुलीपाशी आई मुलाशी बोलत राहिली, म्हणून ती टिकली.

अक्षीचे बोडण आणि कोर्लईची बोली यांत धर्माचा वा भाषेचा संबंध काही नाही. पण दोन्ही टिकल्या त्या घरातल्या बाईच्या तोंडून. ती साखळी एका पिढीत तुटली की पुन्हा जोडता येत नाही. शिळेवरची अक्षरे निदान हजार वर्षे तग धरतात, तोंडची गोष्ट एका माणसाबरोबर जाते. म्हणून मंडळातील भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपापल्या घरचे कुळाचार, ओव्या, सुईणीचे उपाय, पदार्थांची जुनी मापे सासूबाईंना किंवा आईला विचारून एका वहीत उतरून ठेवावी, वर तारीख आणि गावाचे नाव घालावे. दर महिन्याच्या सभेत एकीने आपले पान वाचावे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत बारा पाने सहज होतील.