घोरणारा आणि शेजारचा: एका उपचाराचा इतिहास

झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराला आज सर्रास ‘स्लीप अ‍ॅप्निया’ म्हटले जाते. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात झोप लागताच घशाचे स्नायू सैलावतात, जीभ आणि मऊ टाळू मागे कलतात आणि श्वासाची वाट बुजते. छाती व पोट हलत राहतात, पण हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्या घुरक्यासरशी वाट मोकळी होते आणि माणूस पुन्हा झोपी जातो. एका तासात असे वीस-तीस वेळा घडले तरी सकाळी रुग्णाला त्यातले काही आठवत नाही. ते ठाऊक असते शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला, बहुधा पत्नीला. घोरणे थांबले की आता श्वास परतेल ना, या धास्तीने ती कान देऊन पडून राहते. तिची ही जाग वैद्यकाच्या हिशेबात फार उशिरा आली.

घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो आणि काही क्षणांच्या पूर्ण शांततेनंतर मोठ्याने परततो, हे निरीक्षण लंडनचे वैद्य विल्यम ब्रॉडबेंट यांनी १८७७ सालीच नोंदवले होते, परंतु त्याचा पाठपुरावा झाला नाही. पुढे १९५६ साली अमेरिकेतील डॉ. सी. सिडनी बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. पत्त्यांच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे असा उत्तम हात आलेला असतानाही या गृहस्थांना डुलकी लागली व डाव वाया गेला, आणि त्यानंतर ते रुग्णालयात दाखल झाले. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधील सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोऱ्याची आठवण ठेवून या लक्षणसमूहाला ‘पिकविकियन’ हे नाव देण्यात आले आणि दिवसाच्या गुंगीचा दोष रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडवर ठेवण्यात आला. रुग्णाची तपासणी बारकाईने झाली होती, पण ती जागेपणीची होती. विकार घडत होता रात्री, घरच्या अंथरुणात.

ही उणीव १९६५ साली भरून निघाली. फ्रान्समध्ये मार्सेय येथे आंरी गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत युंग व कूलो यांनी, अशा रुग्णांच्या झोपेचे रात्रभर आलेख घेतले, तेव्हा श्वास शेकडो वेळा अडतो आणि झोप शेकडो वेळा मोडते हे कागदावर उमटले. इटलीत एलिओ लुगारेसी यांनी आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला ख्रिस्तियां गिलमिनो यांनी हे काम पुढे नेले. उपाय मात्र एकच खात्रीचा होता, तो म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी: गळ्याखाली श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवायची, दिवसा तिला बूच लावायचे आणि रात्री ते काढायचे. अडथळ्याच्या खालूनच हवा आत जात असल्याने श्वास अडेनासा होई, पण गळ्यात कायमची नळी घेऊन जगणे अनेकांना नकोसे वाटे, यात नवल नाही.

अशाच एका रुग्णामुळे उपचाराची दिशा बदलली. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे जून १९८० मध्ये डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्या देखरेखीखालील एक रुग्ण शस्त्रक्रियेला राजी नव्हता, मात्र एक रात्र नवा प्रयोग करून पाहण्यास तयार झाला. पंख्याच्या मोटरीने ढकललेली हवा नाकावाटे सतत सौम्य दाबाने आत सोडायची, जेणेकरून तो दाबच आतून टेकू देऊन घशाची वाट उघडी ठेवील, अशी ही कल्पना होती. दाब पुरेसा वाढवला की श्वास अडणे थांबे आणि उतरवला की पुन्हा सुरू होई. पाच रुग्णांवरील हे निष्कर्ष १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ‘सीपॅप’ या नावाने हा उपचार जगभर पोहोचला. सुरुवातीची घरगुती साधने आजच्या मानाने ओबडधोबड होती. प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर फायबरग्लासचा मुखवटा घडवावा लागे, तो रोज रात्री सिलिकोनने चेहऱ्यावर चिकटवायचा आणि रोज सकाळी सोलून काढायचा, शिवाय हवा फेकणारे यंत्रही अवजड व आवाजी होते. तरीही रुग्णांनी ते वापरले, कारण दिवसाची गुंगी उतरत होती.

शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीचे काय होते, हे मोजण्यास मात्र आणखी जवळपास दोन दशके गेली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये दहा जोडप्यांच्या झोपेचे एकाच वेळी, दोघांच्याही अंगावर संवेदक लावून, आलेख घेण्यात आले आणि मध्यरात्रीच्या सुमारास पतीला सीपॅप लावण्यात आले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. उपचारापूर्वी पत्नीची झोप तासाला सुमारे २१ वेळा चाळवत होती, ते प्रमाण १२ वर आले. अंथरुणात घालवलेल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा ७४ टक्क्यांवरून ८७ टक्क्यांवर गेला, म्हणजे आठ तासांच्या रात्रीमागे पत्नीला तासाभराची झोप परत मिळाली. दहा जोडपी ही संख्या लहान आहे हे खरे. तरीही या अभ्यासाचे मोल मोठे मानले पाहिजे, कारण तोवर जी केवळ घरगुती कुरकुर समजली जात होती, ती येथे मोजलेल्या झोपमोडीच्या रूपाने पुढे आली. यंत्राचाही त्रास असतोच: मुखवटा नीट न बसल्यास फटीतून निसटणारी हवा शेजारच्याच्या तोंडावर येते आणि कूस बदलताना नळी अडकते. घोरण्याच्या तुलनेत हा त्रास बहुतेकांना सोसवतो, आणि नवख्या रुग्णाने कंटाळून यंत्र बाजूला ठेवू नये यासाठी पुष्कळदा जोडीदाराचा आग्रहच कामी येतो.

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयोगटातील पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार १९.५ टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा बिघाड होता आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची गुंगीही होती. म्हणजे ज्यांची झोप शेजारून मोडते, अशा स्त्रियाही या शहरात थोड्या नाहीत. तेव्हा घोरण्यासाठी डॉक्टरांकडे जाणाऱ्याने शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे, आणि डॉक्टरांनीही श्वास किती वेळा आणि किती वेळ थांबतो हे विचारून झाल्यावर, तिची स्वतःची झोप कशी होते, हा प्रश्नही तिला विचारावा.