कचरा, ठेका आणि धनी

नगरीचा इतिहास सांगताना आपण तिच्या गोद्या, गिरण्या आणि इमारती यांची नावे घेतो. तिचा कचरा कोणी उचलला, हे विचारीत नाही. संकट आले म्हणजे मात्र आठवण होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला नि लोक शहर सोडून पळू लागले. त्या वेळी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना भय वाटले ते हे, की हलालखोरही निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही. ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्याच हाती शहराचे जीवित होते.

पुढे संघटनेच्या बळावर पालिकेच्या सफाई कामगारांनी कायम नोकरी, रजा, निवृत्तिवेतन मिळविले. परंतु १९९० नंतर वारे फिरले. खर्च वाचावा म्हणून कचरा उचलण्याचे काम ठेक्याने जाऊ लागले. रस्ता तोच, घाण तीच. कामगार तेवढा पालिकेचा राहिला नाही. १९७० चा ठेका-कामगार कायदा त्या काळी २० पेक्षा कमी माणसे ठेवणाऱ्या ठेकेदारास लागू नव्हता. तेव्हा कामाचे लहान तुकडे पाडणे सोयीचे झाले. कुठे तर कामगाराला ‘स्वयंसेवक’ आणि त्याच्या मजुरीला ‘मानधन’ म्हटले गेले. शब्द बदलला की हक्कही बदलतो, ही युक्ती जुनीच आहे.

१९९७ साली या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघ उभारला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने ठेका हा केवळ देखावा ठरवून २,७०० कामगारांना पालिकेचे कायम कामगार मानले. २०१६ साली उच्च न्यायालयाने आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. तरीही कागदोपत्री नावातील अक्षरे जुळत नाहीत, एवढ्यावरून कित्येकांना पुढेही खोळंबावे लागले.

ठेक्याने कचरा हलत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण कचऱ्याबरोबर जबाबदारीही हलविली जाते. कामगार जखमी झाला तर पालिका ठेकेदाराकडे बोट दाखविते, नि ठेकेदार कराराकडे. शहराचा कचरा बारमाही आहे. मग तो उचलणारा माणूसच तेवढा हंगामी कसा? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले. ते पाळणे मात्र कर भरणाऱ्या आपणा सर्वांकडे आहे. कारण त्या कामगारांचे खरे धनी आपणच आहोत.