रुमालाखालचा भाव आणि घरातली तार

बैलबाजार आपण सर्वांनीच पाहिला आहे. एक दलाल आणि एक गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या हातांवर उपरणे टाकले जाते आणि त्याखाली बोटे दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसे असतात, पण भाव काय झाला हे फक्त त्या दोघांना ठाऊक! बैलाचा मालक विचारतो, "काय ठरलं हो?" दलाल सांगेल ते त्याने खरे मानायचे.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते घरातल्या इंटरनेटच्या बिलाबद्दल. आता तुम्ही म्हणाल, बैलाचा आणि इंटरनेटचा काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. एकाच गल्लीत, एकाच कंपनीची, एकाच वेगाची तार दोन घरांत येते. एक घर महिन्याला 899 रुपये भरते, दुसरे 699. पहिला चार वर्षांचा जुना गिऱ्हाईक, दुसरा परवाचा नवा. जुन्याला कोणी सांगितले नाही, आणि त्याने विचारले नाही. इथेही भाव रुमालाखालीच आहे.

रुमाल काढायला काय लागते, हे आपल्या वऱ्हाडाने फार पूर्वी दाखवून दिले. कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला. विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता, हेही त्यामागचे एक कारण होते. तरीपण बाजाराला समिती असावी, तोलाला आणि दलालीला नियम असावेत, ही कल्पना तिथून रुजली. पुढे 1939 साली मुंबई इलाख्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा आला, आणि चारचौघांत उघड लिलाव करण्याची रीत हळूहळू पसरली. शेतकरी एका रात्रीत बोलण्यात हुशार झाला, असे काही नव्हे. भाव उघडा झाला आणि बोली लावणारे चार जण समोर आले, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आले.

आता तारेकडे वळू. मुंबईत टेलिफोन आला 1882 साली. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे टेलिफोन देणारे दार एकच होते, ते म्हणजे सरकारी खाते. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. तिथे घासाघीस कसली करणार? "परवडत नसेल तर घेऊ नका," हे उत्तर ठरलेले. त्या खात्याने दूरदूरच्या गावी तारा नेल्या, ते ऋण मानलेच पाहिजे. पण गिऱ्हाईकाच्या हातात भाव नव्हता, हेही तितकेच खरे.

इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. व्यावसायिक माणसाला 250 तासांसाठी 5,000 रुपये पडत. म्हणजे तासाला 20 रुपये, आणि टेलिफोनच्या कॉलचे पैसे वेगळे. वेग इतका कमी की एक चित्र उघडेपर्यंत चहा होऊन जाई. त्याच वर्षी मोबाइल आला, तर आलेला फोन उचलायलाही पैसे पडत!

मग दारे वाढत गेली. 1997 साली दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ज्याला आपण 'ट्राय' म्हणतो, ते स्थापन झाले. 1998 च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना इंटरनेट विकण्याची मुभा मिळाली. 2011 च्या जानेवारीत देशभर अशी सोय झाली की मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येईल. ही गोष्ट दिसायला लहान, पण परिणामाने मोठी. तोवर नंबर जाईल या भीतीने माणूस एकाच दाराला बांधलेला असे. आता तो निघून जाऊ शकत होता, आणि जो निघून जाऊ शकतो त्याचेच बोलणे ऐकले जाते.

घरच्या तारेचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. 2020 साली शाळा बंद होत्या, मुले घरी बसून शिकत होती, आणि घरोघर इंटरनेटची निकड लागली होती. 31 ऑगस्टला जिओने 30 एमबीपीएस वेगाची, 399 रुपयांची योजना जाहीर केली. आठवडाभरातच एअरटेलने 40 एमबीपीएसची योजना 499 रुपयांना आणली. कर दोन्हीकडे वेगळा. कोणा गिऱ्हाईकाने गयावया केली होती काय? नाही. शेजारी दुसरे दार उघडले, एवढेच झाले.

यामागचा विक्रेत्याचा हिशेब समजून घ्या. खांबावरून तार आणायची, घरात डबा बसवायचा, माणूस पाठवायचा, हा मोठा खर्च सुरुवातीलाच होतो. त्यानंतर दर महिन्याचे बिल बऱ्याच अंशी त्याच्या पदरात पडते. तुम्ही सोडून गेलात तर त्याला नवे घर शोधून तो खर्च पुन्हा करावा लागतो. म्हणून जुन्या गिऱ्हाईकाला थोडी सवलत देणे त्याला परवडते. पण न मागता तो कशाला देईल?

तेव्हा मागायचे कसे, ते सांगतो. पहिली गोष्ट, बिल घेऊन बसा. मूळ भाडे किती, 18 टक्के कर किती, डब्याचे भाडे लावले आहे का, कधीही न पाहिलेल्या सिनेमांच्या वर्गणीचे पैसे त्यात आहेत का, ते बघा. दुसरी गोष्ट, आठवडाभर रोज रात्री वेग मोजा आणि वहीत लिहा. कबूल केला शंभर आणि मिळतो तीस, तर ती वहीच तुमची वकील. तिसरी गोष्ट, त्याच कंपनीचा नव्या गिऱ्हाईकाचा दर आणि दुसऱ्या कंपनीचा दर कागदावर उतरवून घ्या. मग मुदत संपण्याआधी आठ दिवस फोन करा आणि शांतपणे बोला: "साहेब, चार वर्षं वेळेवर पैसे भरतोय. नव्या माणसाला 699, मग मला 899 का? हाच दर मला लावा, नाहीतर मला जोडणी बदलावी लागेल." आवाज चढवू नका. फोन उचलणारा मुलगा पगारी नोकर आहे, दर त्याने ठरवलेला नाही. त्याच्याकडे अधिकार नसेल तर वरच्या माणसाशी बोलणे मागा. आणि पोकळ धमकी देऊ नका, खरोखर बदलण्याची तयारी असेल तरच तसे म्हणा. दर कबूल झाला की विचारा, "हा किती महिन्यांसाठी? बिलात दिसेल ना?" तक्रार असेल तर तिचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

गुरुजनांसाठी यात एक गणितही आहे. महिन्याला 200 रुपये वाचले, तर वर्षाला 2,400. त्यावरचा कर 432. एकूण 2,832 रुपये. वर्गात हे उदाहरण फळ्यावर घाला. मुले घरी जाऊन बिल मागतील, याची खात्री बाळगा.

आता खरा अडचणीचा प्रश्न. "आमच्या गावात तारच एक आहे, मग आम्ही काय करावं?" प्रश्न रास्त आहे. आधी खात्री करा की दुसरे दार खरेच नाही. 2023 पासून तारेविना, टॉवरवरून घरी येणारी जोडणीही काही गावांत मिळू लागली आहे. तीही नसेल, तर एकट्याने जाऊ नका. शाळा, ग्रामपंचायत, दूध सोसायटी आणि वीस घरे मिळून एक अर्ज करा आणि एकच दर मागा. केबलवाल्याला एक घर गेल्याचे दुःख नसते, वीस घरांचे असते. आणि दुसऱ्या कंपनीलाही एका घरासाठी खांब उभे करणे परवडत नाही, वीस घरांसाठी कदाचित परवडेल.

कमीत कमी एवढे तरी आजच करा. संध्याकाळी पारावर बसाल तेव्हा शेजाऱ्याला विचारा, "तुला कितीला पडतं?" आणि आपला आकडाही सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. रुमाल दोघांच्या हातांवर असतो. त्याचे एक टोक आपणही उचलू शकतो.