शाळेच्या पटावर तुमच्या मुलाची नोंद बरोबर आहे का? जाणून घ्या सविस्तर

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. सोबत मुलेही जातात. मूल चार-पाच महिने गावात नसते, पण शाळेच्या पटावर त्याचे नाव असते. अशा मुलाची नोंद कशी ठेवायची? नाव कमी केले तर मूल शाळाबाह्य ठरते आणि दोन ठिकाणी लागले तर एकाच मुलाची दोनदा मोजणी होते. म्हणूनच विद्यार्थ्यांची नोंद अचूक असणे महत्त्वाचे आहे.

नोंद कुठे कुठे होते?

सर्वात मूळ नोंद म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख यात लिहिली जाते. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजेच टीसी याच रजिस्टरवरून तयार होते.

दुसरी नोंद राज्य शासनाच्या 'सरल' प्रणालीत असते. ही प्रणाली 2015 मध्ये सुरू झाली. तिसरी नोंद केंद्र शासनाच्या 'यू-डायस प्लस'वर असते. 2022-23 पासून तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती भरली जाते आणि त्याला 'पेन' म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक मिळतो.

प्रत्येक शाळेला 11 अंकी यू-डायस कोड असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्राचा अंक 27 आणि परभणीचा 17, म्हणून परभणी जिल्ह्यातील शाळांचे कोड 2717 ने सुरू होतात.

चूक झाली तर काय बिघडते?

शाळेतील शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. याला संच मान्यता म्हणतात. त्यासाठी वर्षानुवर्षे 30 सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक आणि 61 ते 90 मुलांना तीन शिक्षक हवेत. राज्याने संच मान्यतेचे निकष वेळोवेळी बदलले आहेत, पण तत्त्व तेच आहे. सीमेवर असलेल्या वाडी-तांड्यावरील शाळेत एक-दोन नोंदी चुकल्या तरी एक शिक्षक कमी होऊ शकतो.

पट फुगवला तर नुकसान सरकारी तिजोरीचे होते. पोषण आहाराचे धान्य, गणवेश, पाठ्यपुस्तके, शिक्षकांचे पगार असा बराच खर्च पटावर अवलंबून असतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात 2011 मध्ये झालेल्या तपासणीत बोगस विद्यार्थ्यांचा प्रकार उघड झाला. त्यानंतर 3 ते 5 ऑक्टोबर 2011 दरम्यान राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावण्यात आली होती. आज हेच काम आधार पडताळणीद्वारे केले जाते.

आधार जुळत नसेल तर?

शाळेच्या नोंदीतील नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळले नाही तर विद्यार्थी 'अवैध' दिसतो. शाळेत 'कृष्णा' आणि आधारवर 'किशन' असेल, तरी अडचण येते. म्हणजे रोज वर्गात बसणारे मूलही संगणकावर अडकू शकते. मात्र आधार नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे नाही, असे स्पष्ट केले आहे.

मूल स्थलांतरित होत असेल तर?

30 सप्टेंबरला ऊसतोड कुटुंबे बहुधा गावातच असतात, त्यामुळे पटावरची संख्या बरोबर असते. खरा प्रश्न पुढच्या महिन्यांचा आहे. मूल काही महिन्यांसाठीच जाणार असेल तर नाव कमी करू नका. शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवता येते आणि परतल्यावर मूळ शाळेत शिकता येते. मुलाला गावीच आजी-आजोबांकडे ठेवायचे असेल तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीबद्दल मुख्याध्यापकांना विचारा.

कायमचे गाव सोडणार असाल तर नव्या शाळेने ऑनलाइन विनंती पाठवायची असते आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची असते. नव्या शाळेने नव्याने नोंद केली तर एका मुलाच्या दोन नोंदी तयार होतात. टीसी मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये नमूद आहे.

पालकांनी काय करावे?

1. प्रवेश घेताना जन्म दाखल्यावरील स्पेलिंग व तारीख जशीच्या तशी लिहिली आहे का, ते पाहा.
2. मुलाचा सरल आयडी आणि पेन क्रमांक शाळेतून लिहून घ्या.
3. वयाच्या 5 व्या आणि 15 व्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक अपडेट करा.
4. चूक दिसल्यास मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या. जनरल रजिस्टरमधील नाव, जात किंवा जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही.
5. हे काम दहावीच्या आधी उरका. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक गेली की दुरुस्तीला जास्त वेळ लागतो.

ऊसतोडीला जाणारे एखादे कुटुंब तुमच्या ओळखीचे असेल तर शिक्षण हमी पत्रकाची माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा.