मेनिंगोकोकसचे आयजीए प्रोटिएज

मार्च 2000 मधील हज यात्रेच्या वेळी सौदी अरेबियात मेनिंगोकोकस जीवाणूच्या डब्ल्यू135 प्रकाराची साथ उद्भवली आणि परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर युरोपातही पोहोचली. घशात बिनबोभाट वस्ती करणाऱ्या या जीवाणूपाशी एक प्रथिनभेदी विकर (एन्झाइम) असते. श्लेष्मल त्वचेचे रक्षण करणाऱ्या आयजीए1 प्रतिपिंडाचा बिजागरीसारखा भाग ते तोडते. आयजीए2 च्या बिजागरीत 13 अमिनो आम्ले कमी असल्याने तो प्रतिपिंड बचावतो.

विकराची रचना चतुर आहे. रेणूचे शेपूट जीवाणूच्या बाह्यपटलात नळीसारखे रुतते, उरलेला भाग तिच्यातून बाहेर येतो आणि स्वतःलाच शेपटापासून कापून मोकळा होतो. काही वेळा एनएएलपी नावाचे दुसरे विकर त्याला निराळ्या जागी कापून सोडवते. एनएएलपीच्या जनुकातील सायटोसिनांच्या सलग रांगेत एखादे अक्षर वाढले वा गळले, की ते जनुक बंद किंवा चालू होते. नियंत्रणाची सूत्रे येथे योगायोगाकडेच आहेत.

2002 पासून सौदी शासनाने यात्रेकरूंना ए, सी, वाय आणि डब्ल्यू135 या चार प्रकारांवरील लस सक्तीची केली. प्रमाणपत्र आगमनापूर्वी किमान 10 दिवसांचे लागते. ही लस विकराला हात लावत नाही. तिचे लक्ष्य जीवाणूभोवतीचे शर्करेचे आवरण असते.