सवाब कुणाच्या खात्यात?

आमच्याकडे शिक्षकाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक पगाराचा. दुसरा असा की, "सर, त्या वाया गेलेल्या पोरांच्या मागे लागून तुम्हाला मिळते काय?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे शोधता शोधता मी इतिहासात शिरलो, आणि शिरलो तो थेट डोंगरीच्या तुरुंगात.

पेण, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन इकडच्या मुसलमान घरांना डोंगरी परकी नाही. कुणाचे मामू तिथे खोली करून राहिले, कुणाच्या चाचांनी गोदीत नोकरी केली. पण डोंगरीचे नाव घरात दुसऱ्याही सुरात ऐकू यायचे. पोराने फार दांडगाई केली की मोठी माणसे दम भरायची, "डोंगरीला टाकीन!" म्हणजे उमरखाडीच्या रिमांड होममध्ये. ती इमारत मुळात तुरुंगाची, १८०४ सालची. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर याच तुरुंगात एकशे एक दिवस होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच भिंतींच्या आत पुढे मुंबईची चुकलेली, हरवलेली, पळून आलेली मुले ठेवली गेली, हे मात्र शाळेत कुणी शिकवत नाही. ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांचे दिवस मोजले गेले. पोरांचे कोण मोजणार?

त्याआधी तर पोरे मोठ्यांच्याच तुरुंगात पडायची. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने एक वाट काढली. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, भटक्या किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला कोठडीऐवजी एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देता येऊ लागले. मुंबईत डॉ. जॉर्ज बुइस्ट या पत्रकाराने अशा मुलांसाठी उद्योगशाळेचा ध्यास घेतला आणि १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या पैशाने ती संस्था नीट उभी राहिली. ससून म्हणजे बगदादहून आलेले यहुदी व्यापारी. काळा घोड्याच्या वाचनालयाला ज्यांचे नाव आहे तेच. त्यांच्या नावाची मुलांची उद्योगशाळा आज माहीमला आहे. बगदादच्या यहुद्याने मुंबईच्या कुठल्याही जातीधर्माच्या पोरांसाठी थैली सैल केली, हे आजच्या दिवसांत मुद्दाम सांगावेसे वाटते.

पण उगाच भाबडेपणा नको. त्या काळच्या सुधारगृहांत हातोडा आणि करवत होती, तशी छडीही होती. सरकारला आज्ञाधारक हात हवे होते. १८७६ आणि १८९७ च्या सुधारशाळा कायद्यांतही मुलाला कुठे आणि किती वर्षे ठेवायचे याचाच विचार जास्त. मूल मुळात बिघडले कशाने, हा प्रश्न त्यात फारसा नाही.

तो प्रश्न १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने आणला. १९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालये असावीत असे सुचवले होते. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये कायदे केले, मग आपला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. या कायद्यात गुन्हा केलेले मूल आणि निराधार मूल अशी दोघांचीही दखल होती. माझ्या मते खरी क्रांती केली ती परिविक्षा अधिकारी नावाच्या माणसाने. तो मुलाच्या घरी जातो. बाप काय करतो, आई आहे की सावत्र, घरात जेवण दोन वेळ होते का, शाळा कधी सुटली, हे विचारतो आणि कोर्टाला लिहून देतो. याने काय केले, एवढ्यावर न थांबता हा कोण आहे, असे कोर्ट विचारू लागले. १९३६ मध्ये मुंबईत टाटांची समाजकार्याची शाळा निघाली आणि हे काम शिकून करायचे काम झाले.

शब्दही बदलत गेले. बालगुन्हेगार हा शब्द जाऊन आता कायद्याच्या मराठीत 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतो. उच्चारताना जीभ अडखळते, पण त्यात मुलाला गुन्हेगार म्हटलेले नाही, तेवढ्यासाठी मी तो सहन करतो.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २००० चा आणि नंतर २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की मुलावर आधीच्या गुन्ह्याचा डाग राहू नये, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करावी. सोळा वर्षांवरील मुलाने फार गंभीर गुन्हा केला आणि खटला बाल न्यायालयात चालला, तर त्याला अपवाद आहे. बाकीच्यांची पाटी कोरी. मुलाचे नाव छापणे हाही गुन्हाच. तरतूद उत्तम आहे, पण इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत आहे. जो पुन्हा पकडला गेला त्याचा कागद वाढत जातो. जो सुधारला, रिक्षा चालवू लागला, दुबईला गेला, बाप झाला, तो कागदावरून नाहीसा होतो. अपयश दप्तरात उरते आणि यश कायद्यानेच पुसले जाते. मग कट्ट्यावर बसून लोक म्हणतात, "ही पोरे कधी सुधरत नाहीत." त्यांना सुधारलेला दिसणार कसा?

उलट उदाहरण साने गुरुजींचे. कोकणातल्या पालगडचा हा माणूस १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होता आणि तिथल्या छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे आवरत होता, कंदील पुसत होता, त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत होता. ती मुले गुन्हेगार नव्हती. घरापासून तुटलेली, हट्टी, रुसणारी होती. मोठी झाल्यावर त्यांनी उघडपणे सांगितले की आम्ही गुरुजींची मुले. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलत, तेव्हा ते लिहून घेणारेही गुरुजीच, आणि इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिणारेही तेच. गुरुजींचा मोबदला जगाला दिसला. डोंगरीत, माहीमला आयुष्य काढलेल्या अधीक्षकांचा, गृहमातांचा, सुतारकाम शिकवणाऱ्यांचा दिसला नाही. त्यांच्या मुलांना तसे सांगण्याची सोयच नव्हती.

माझे काम फार लहान आहे. सातवीपर्यंत उर्दूत शिकलेला मुलगा आठवीत मराठी शाळेत येतो. भूमितीतला 'मुसल्लस' 'त्रिकोण' होतो, 'तारीख' हा विषय 'इतिहास' होतो. वर्गात बोलला तर पोरे हसतात. दोन महिने तो गप्प बसतो, मग मागच्या बाकावर जातो, मग बाकाच्याही मागे, म्हणजे शाळेबाहेर. धाटावच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे किंवा पेणला गणपतीच्या हंगामात रंगाच्या हाताखाली काम मिळते. ज्याला तेही मिळत नाही तो नाक्यावर उभा राहतो. त्यातला एखादा पोलिसात जातो. मी संध्याकाळी अशा चार-पाच जणांना बसवून दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून घेतो. गणितात नापास होणारा मुलगा पुष्कळदा गणितात कच्चा नसतोच, उदाहरण वाचतानाच त्याचा पाय घसरलेला असतो. ते त्याला कळले की चेहरा बदलतो. पगारात न बसणारी एक मिळकत ही.

आणखी एक सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. चोरीच्या प्रकरणात सापडलेल्या एका मुलाबरोबर मी बाल न्याय मंडळासमोर तीन-चार वेळा गेलो होतो. तिथे दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजसेवक बसतात, त्यांतल्या बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो जेवलास का, हा. परवा तो रोह्याच्या फलाटावर दिसला. अंगावर इस्त्रीचा शर्ट, बरोबर बायको, कडेवर मुलगी. आमची नजरानजर झाली. त्याने मान वळवली आणि मुलीला समोरचे इंजिन दाखवू लागला. बायकोला काही ठाऊक नसणार. दिव्याची गाडी लागली होती. मी तीन डबे पुढे जाऊन चढलो.